बिनजिवाणूची बाटली

आमच्या प्रयोगशाळेत नवा प्रयोग लावायचा असला की सगळ्यात आधी जी बाटली भरतो, तिच्यात जिवाणू नसतात. पाणी तेच, मीठ तितकंच, कॅल्शियम तितकंच, उबवण्याचं तापमानही तेच. फक्त जीव नाही. शिकायला येणारी मुलं पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, "मॅडम, जिच्यात काही वाढणारच नाही, ती बाटली लावायची कशाला?" माझं उत्तर ठरलेलं आहे. तिच्यात पुष्कळ काही घडतं, आणि ते नीट पाहिल्याशिवाय बाकीच्या बाटल्यांबद्दल बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही.

माझ्या कामाचा विषय आहे जिवाणूंच्या संगतीने तयार होणारी कार्बोनेट खनिजं, त्यातही खाऱ्या पाण्यातली. जिवाणू दगड घडवतात हे ऐकायला फार छान वाटतं. पण त्या दगडात जिवाणूंचा वाटा किती आणि पाण्याचा, उन्हाचा, मिठाचा वाटा किती, हे वेगळं काढायला बसलं की खरं काम सुरू होतं. इतक्या वर्षांत मला जे कळलं ते याच वाटणीतून कळलं.

ही प्रयोगशाळा पुनावळ्यात, रस्त्याकडेच्या एका गाळ्यात आहे. पोट भरतं ते बांधकाम साहित्याच्या तपासणीवर. काँक्रीटचे क्यूब 7 आणि 28 दिवसांनी मशीनखाली दाबून फोडायचे, खडी आणि क्रश सँड चाळायची, बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याचा सामू, क्लोराइड, कठीणपणा काढून द्यायचा. मागच्या खोलीत एक ऑटोक्लेव्ह, एक इन्क्युबेटर आणि एक सूक्ष्मदर्शक आहे. ती माझी जागा. मी मूळची सूक्ष्मजीवशास्त्राची. एम.एस्सी.नंतर लोणारच्या गाळावर काम केलं आणि तिथले जिवाणू घेऊन काँक्रीटच्या भेगांकडे वळले. पुनावळ्यासारख्या ठिकाणी हे आपसूकच झालं. महामार्गाच्या दोन्ही अंगांना मनोरे उभे राहतायत, अंडरपासपाशी तयार काँक्रीटचे मिक्सर रांगेत उभे असतात, आणि प्रत्येक सोसायटीत तळघराच्या भिंतीला ओल असते. जिथे इतकं काँक्रीट ओतलं जातं तिथे भेगांचा विषय टाळता येत नाही.

बिनजिवाणूच्या बाटलीत काय होतं ते आपल्याकडे घराघरात दिसतं. बोअरचं पाणी वापरणाऱ्या इमारतीत शॉवरची भोकं बुजतात, नळाच्या तोंडाशी पांढरी पुटं चढतात, गीझरची कॉइल काढली तर तिच्यावर जाड कवच असतं. आपल्या पायाखालचा खडक बेसाल्ट. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्यात उतरतं, खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम थोडं थोडं सोडवून आणतं, आणि बायकार्बोनेटसकट बोअरमधून वर येतं. ते तापवलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, कॅल्शियमशी जोडलं जातं आणि कॉइलवर बसतं. इथे जिवाणूची काही गरज नाही. काळ्या जमिनीत खणताना चुनखडीचे खडे निघतात, दगडाच्या पोकळ्यांत कॅल्साइट सापडतं, त्याच्याही मुळाशी हाच हिशेब. कार्बोनेट पडायला दोनच गोष्टी लागतात: पुरेसं कॅल्शियम आणि पुरेसं कार्बोनेट. त्या एकत्र आल्या की खनिज पडतं.

मग जिवाणू काय करतात?

पुस्तकी उत्तर असं की ते आपल्या भोवतालचं पाणी बदलतात. युरिया फोडणारे जिवाणू अमोनिया सोडतात, सामू वर जातो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं. स्पोरोसार्सिना पाश्चुरी हा त्यातला सगळ्यांच्या परिचयाचा. काही जिवाणू प्रथिनं कुजवून तेच साधतात. ऑक्सिजन नसलेल्या गाळातले सल्फेटवर श्वास घेणारे जिवाणू वेगळ्या वाटेने क्षारता वाढवतात. नील-हरित जिवाणू प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यातला कार्बन ओढून घेतात आणि त्यांच्या अंगालगतचं पाणी अल्कधर्मी होतं. 1973 मध्ये बोके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की मातीतल्या जिवाणूंना कॅल्शियम असलेलं योग्य माध्यम दिलं तर कॅल्साइट बनवणं ही त्यांच्यात सर्रास दिसणारी गोष्ट आहे. त्यांनी वापरलेलं माध्यम आजही 'बी-फोर' म्हणून आमच्या फ्रीजमध्ये असतं: कॅल्शियम ॲसिटेट, यीस्टचा अर्क, थोडं ग्लुकोज आणि अगार.

या माध्यमावर वाढलेली वसाहत जवळून पाहिली की या विषयाची ओढ का लागते ते कळतं. सुरुवातीला ती इतर कुठल्याही वसाहतीसारखी गुळगुळीत, ओलसर असते. काही दिवसांनी कडेला खडबडीतपणा येतो. तारेचं लूप तिच्यावर फिरवलं की बारीक करकर जाणवते, कानाला कमी आणि बोटांना जास्त. तो भाग काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की काचेसारखे गोलक दिसतात, काही मधोमध चिमटलेले, डंबेलच्या आकाराचे. कडेने पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडला की त्यांच्याभोवती बुडबुडे उठतात आणि गोलक विरघळून जातात. कधी कधी तिथे जिवाणूंच्या पेशींचा ठसा उरतो. स्फटिक त्यांच्याभोवती वाढलेला असतो.

पण लोणारने मला पहिला धडा दिला तो हे पुस्तकी उत्तर अपुरं असल्याचा.

लोणारचं विवर बुलढाणा जिल्ह्यात, आपल्याच दख्खनच्या बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेलं आहे. व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. 1823 मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, पण त्याच्या कितीतरी आधी 'आईने अकबरी'त या तळ्याचा आणि तिथल्या काच आणि साबण बनवायच्या द्रव्यांचा उल्लेख आहे. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. आलेलं पाणी उन्हाने उडतं, क्षार मागे राहतात. पुनावळ्याचा आणि लोणारचा खडक एकाच घराण्यातला. आपल्याकडे खडकातून निघालेला क्षार पवना वाहून नेते, लोणारचा क्षार तिथेच साठतो. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आधी कार्बोनेट होऊन खाली बसतं आणि पाण्यात उरतं ते मुख्यतः सोडियम, त्याच्या जोडीला कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि क्लोराइड. म्हणून तिथला सामू 10 च्या आसपास असतो.

उन्हाळ्यात काठावर गेलं की पाय काळ्या गाळात रुततो आणि कुजक्या अंड्याचा वास येतो. सल्फेटवर जगणारे जिवाणू कामात असल्याची ती खूण. काळ्या गाळावर पाणी ओसरलेल्या पट्ट्यात पांढरी पापडी धरलेली असते. तिथले एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले होते, "ताई, पाणी मांगं सरलं की मंग हे पांढरं वर येते. आमच्या आज्याच्या वेळी लोक गोन्या भरून न्यायचे." या खाराच्या प्रतींना तिथे वेगवेगळी नावं होती, दल्ला, खप्पल, पापडी, भुस्की. बांगड्यांची काच, साबण, रंगकाम, पापडखार, सगळ्याला तो लागायचा. आता तळं अभयारण्यात आहे, 2020 मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे, आणि गाळाचा चमचाभर नमुना घ्यायचा तरी परवानगी लागते. तसंच असायला हवं.

तर या पाण्यात जिवाणू सामू वाढवून कार्बोनेट पाडतात असं म्हणायची सोय नाही. सामू आधीच वर आहे, कार्बोनेट आधीच भरपूर आहे. लोणारचं पाणी गाळून, त्यातला प्रत्येक जीव काढून टाकून, त्यात कॅल्शियम क्लोराइडचे थेंब सोडले तरी बाटली लगेच दुधाळ होते आणि थोड्या वेळात तळाशी पांढरा साका बसतो. जिवाणू असलेल्या बाटलीतही साका बसतो. दोन्ही साके आम्लात फसफसतात. वजन केलं तर फरक कधी थोडा असतो, कधी नसतो. बिनजिवाणूची बाटली लावलीच नसती, तर मी सगळा साका जिवाणूंच्या नावावर मांडून मोकळी झाले असते.

म्हणून अशा पाण्यासाठी आम्ही चार प्रकारच्या बाटल्या लावतो. एकीत जिवंत जिवाणू. दुसरीत तेच जिवाणू, पण उष्णतेने मारलेले. तिसरीत जिवाणू वाढवून, मग बारीक गाळणीतून काढून टाकलेलं पाणी, म्हणजे त्यांनी सोडलेली द्रव्यं आहेत पण ते स्वतः नाहीत. चौथीत नुसतं माध्यम. चारही बाटल्यांतला साका गाळायचा, वाळवायचा, तोलायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, आणि मग खनिज नेमकं कुठलं ते कळायला क्ष-किरण विवर्तनासाठी बाहेर पाठवायचा. मुलांना हे सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं. पुढे त्यांना त्यातच गोडी लागते, कारण चारही बाटल्या एकमेकींबद्दल काहीतरी सांगत असतात.

त्या काय सांगतात? पहिलं म्हणजे, मेलेल्या पेशीही कामाच्या असतात. जिवाणूच्या भिंतीवर आणि त्याच्याभोवतीच्या चिकट शर्करामय आवरणावर ऋणभार असतो. कॅल्शियम त्याला येऊन चिकटतं, आणि पाण्यात मोकळ्या जागी जो स्फटिक सुरूच झाला नसता तो तिथे सुरू होतो. त्यासाठी पेशीने जिवंत असायलाच हवं असं नाही. दुसरं, ताजं आवरण उलटही वागतं. ते कॅल्शियम घट्ट धरून ठेवतं आणि स्फटिक होऊच देत नाही. दुसऱ्या जातीचे जिवाणू ते आवरण खायला लागले की मग धरलेलं कॅल्शियम सुटतं आणि खनिज पडतं. म्हणजे एक जिवाणू थांबवतो, दुसरा सोडतो. खाऱ्या तळ्यांच्या काठी जिवाणूंचे जे थरावर थर असलेले गालिचे असतात, त्यांच्यात ही देवघेव काही मिलिमीटरच्या अंतरात चालते: वर प्रकाश खाणारे, खाली त्यांचं आवरण कुजवणारे, त्याच्याही खाली सल्फेटवाले. एकच जात वेगळी काढून बाटलीत वाढवली तर यातलं निम्मं दिसत नाही.

तिसरी गोष्ट मिठाची. पाण्यात मीठ जितकं जास्त, तितके कॅल्शियम आणि कार्बोनेटचे आयन इतर आयनांच्या गर्दीत वेढले जातात आणि एकमेकांना भेटायला त्यांना वेळ लागतो. स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठातल्या संशोधकांनी मीठप्रिय जिवाणूंवर वर्षानुवर्षं काम केलं आहे, आणि क्षारता वाढली की स्फटिक दिसायला उशीर होतो हे त्यांना आढळलं. आमचाही अनुभव तोच. गोड्या माध्यमातली प्लेट बोलायला लागते तेव्हा खारी प्लेट अजून गप्पच असते. इथे धीर लागतो, आणि तारखा नीट लिहून ठेवायची सवय लागते.

एवढं झाल्यावर माझ्या वहीत जे वाक्य उरलं ते साधं आहे. खनिजाचा माल पाणी पुरवतं. तो कुठे बसायचा, कधी बसायचा आणि कुठल्या रूपात बसायचा, हे पुष्कळदा जिवाणू ठरवतात.

लोणारमध्येच याची दोन्ही टोकं पाहायला मिळतात. तळ्याच्या तळातून काढलेल्या सुमारे 10 मीटर लांबीच्या गाळाच्या नळकांड्यात भारतीय आणि जर्मन संशोधकांना गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक मिळाले. सोडियम आणि कॅल्शियम या दोहोंचं ते जलयुक्त कार्बोनेट. ते तयार होतं तळं खूप आटून पाणी अतिखारं झालं की. म्हणून गाळात जिथे गेलुसाइट, तिथे दीर्घ अवर्षण. असे दोन कालखंड निघाले: सुमारे 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचा आणि 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचा. इथे मोठा वाटा उन्हाचा आणि रुसलेल्या पावसाचा. हे जिवाणूंच्या खात्यावर मांडलं असतं तर महाराष्ट्राच्या जुन्या दुष्काळांचा इतका मोलाचा पुरावा आपण चुकीचा वाचला असता.

दुसरं टोक काठावर आहे. कमळजा देवीच्या मंदिराजवळची सासू-सुनेची विहीर लोणारला गेलेल्या प्रत्येकाला दाखवतात, एका बाजूचं पाणी गोडं आणि दुसऱ्या बाजूचं खारं. माझ्या दृष्टीने सबंध लोणारमधली ही सगळ्यात बोलकी जागा. गोडं झऱ्याचं पाणी कॅल्शियम घेऊन येतं, तळ्याचं पाणी कार्बोनेट घेऊन बसलेलं असतं, आणि जिथे ती भेटतात तिथे खनिज पडायची सगळी तयारी असते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमध्ये अशाच भेटीतून पाण्याखाली चुनखडीचे उंच सुळके उभे राहिले आहेत. अशा जागी जिवाणूंच्या थराला खरी संधी मिळते, कारण पाणी तयार असतं आणि फक्त सुरुवात कुठून व्हायची तेवढंच ठरायचं असतं.

लोणारचे जिवाणू आपल्याला माहीत झाले यात पुण्याचा वाटा मोठा आहे. आघारकर संशोधन संस्थेतल्या डॉ. प्रज्ञा कानेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या वाढवता येणाऱ्या जिवाणूंचा विस्तृत अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे डॉ. योगेश शौचेही होते. 2010 मध्ये लोणारमधून इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस ही नवी जातीच नव्हे, तर नवी प्रजातीही (जीनस) जगासमोर आली. जून 2020 मध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा आमच्या सोसायटीतही लोकांनी मला गाठून विचारलं. आघारकर संस्थेच्या तपासणीत त्याचं कारण निघालं मीठप्रिय आर्किया. हे जिवाणूंपेक्षा वेगळ्या शाखेचे सूक्ष्मजीव. पाणी आटून खारटपणा वाढला, ते फोफावले, त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगलं, आणि पावसाने पाणी पातळ झाल्यावर रंग ओसरला. मला त्या रंगापेक्षा त्यामागचा नियम मोलाचा वाटला: क्षारता थोडी हलली की तळ्यात राज्य कुणाचं हे बदलतं, आणि राज्य बदललं की खनिजंही बदलू शकतात.

बिनजिवाणूची बाटली किती काळ लावून ठेवता येते याचं जगातलं सर्वोत्तम उदाहरण डोलोमाइटचं आहे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं हे कार्बोनेट जुन्या खडकांत डोंगरच्या डोंगर भरून आहे, पण आजच्या समुद्रात ते जवळजवळ कुठेच तयार होताना दिसत नाही. मॅग्नेशियमच्या आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू घट्ट बसलेले असतात. ते सुटल्याशिवाय त्याला स्फटिकात शिरता येत नाही. लिंटन लँड या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने साध्या तापमानाला, गरजेच्या हजारपट संपृक्त द्रावणात डोलोमाइट पाडायचा प्रयोग 32 वर्षं चालू ठेवला. डोलोमाइट पडलं नाही. 1998 मध्ये त्याने तेच शोधनिबंधाच्या शीर्षकात लिहून टाकलं. दरम्यान 1995 मध्ये क्रिसोगोनो व्हास्कोन्सेलोस, ज्युडिथ मॅकेंझी आणि सहकाऱ्यांनी ब्राझीलमधल्या लागोआ व्हर्मेल्या या खाऱ्या खाजणातले सल्फेटवाले जिवाणू वापरून कमी तापमानाला डोलोमाइट मिळवल्याचं 'नेचर'मध्ये मांडलं. त्या निबंधाने माझ्यासारख्या कितीतरी जणांना या विषयात ओढलं.

पुढे गोष्ट आणखी बारीक झाली. अशा प्रयोगांतून निघालेल्या पुष्कळ स्फटिकांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे थर खऱ्या डोलोमाइटसारखे आळीपाळीने रचलेले नव्हते. ते फार मॅग्नेशियम असलेलं कॅल्साइट होतं. आणि 2023 मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या कामाने दाखवलं की पाणी कधी संपृक्त, कधी असंपृक्त असं आलटून पालटून राहिलं, तर चुकीचे बसलेले अणू पुन्हा पुन्हा धुऊन निघतात आणि डोलोमाइट जिवाणूंशिवायही वाढू शकतं. काही जणांना यात जिवाणूंची हार दिसली. मला तसं वाटत नाही. भरती-ओहोटी, दिवस-रात्र, पाऊस-ऊन यांनी पाणी हलतं ठेवलं आणि जिवाणूंनी सुरुवात करून दिली, तर दोघांचाही वाटा खरा आहे. आता प्रश्न कुठल्या तळ्यात कुणाचा किती, एवढाच.

हीच वाटणी मला काँक्रीटमध्ये पुन्हा भेटली. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातल्या हेंड्रिक योंकर्स यांनी काँक्रीट भेगा स्वतः बुजवेल अशी रीत काढली, आणि त्यासाठी जिवाणू आणले ते सोड्याच्या तळ्यांच्या मुलखातले. इजिप्तमधल्या वाडी नत्रूनच्या क्षारयुक्त मातीतून आलेला बॅसिलस अल्कॅलिनायट्रिलिकस त्यातला एक. कारण सरळ आहे. ताज्या काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा सामू 12 ते 13 असतो. साधा जिवाणू तिथे तग धरत नाही. लोणार किंवा वाडी नत्रूनसारख्या ठिकाणी घडलेल्या जिवाणूचे बीजाणू मात्र तिथे निपचित पडून राहू शकतात. भेग पडली, पाणी आणि हवा आत गेली, सामू थोडा उतरला की ते जागे होतात, सोबत दिलेलं कॅल्शियम लॅक्टेट खातात, त्यातून कॅल्शियम कार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमधल्याच चुन्याशी जोडला जाऊन आणखी कार्बोनेट होतं.

व्हर्जिनी विक्टर आणि योंकर्स यांच्या 2011 च्या निबंधातले आकडे मी प्रत्येक नव्या मुलाला पाठ करायला लावते. 100 दिवस पाण्यात ठेवल्यावर जिवाणू असलेल्या नमुन्यात 0.46 मिलिमीटरपर्यंतची भेग बुजली. जिवाणू नसलेल्या नमुन्यातही 0.18 मिलिमीटरपर्यंतची बुजली. लोक पहिला आकडा सांगतात. माझा जीव दुसऱ्यात असतो, कारण त्याच्यामुळेच पहिल्याला किंमत आहे.

बारीक भेगा जिवाणूंशिवायही बुजतात हे मला एका वॉटरप्रूफिंगच्या मिस्त्रींनीही सांगितलं होतं, आणि त्यांनी यातला एकही निबंध वाचलेला नव्हता. आमच्याच भागातल्या एका इमारतीच्या गच्चीवर आम्ही भेगांची रुंदी मोजत होतो. त्यांनी स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवलं होतं. मी पट्टी लावून 0.1 मिलिमीटरची एक भेग वहीत टिपली. ते म्हणाले, "मॅडम, ही नका लिहू. ही बारकी आहे. पाणी आठ-पंधरा दिवस राहिलं की आपोआप धरते. पलीकडची बघा, ती नाही धरायची."

"काका, कशावरून?"

"खालून बघतो ना. आधी थेंब पडतो, मग नुसती ओल राहते, मग पांढरी रेघ येते. रेघ आली की पाणी बंद. मोठ्या भेगेला रेघ येते पण पाणी बंद होत नाही."

ती पांढरी रेघ म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. काँक्रीटमधला चुना पाण्यात उतरून भेगेच्या तोंडाशी हवेला भेटलेला. जिवाणूंशिवाय काय होतं आणि कुठवर होतं, याची सीमारेषा त्या माणसाने वर्षानुवर्षं स्लॅबखाली उभं राहून आखली होती. तेव्हापासून आम्ही चाचणीसाठी भेगा निवडतो त्या त्यांच्या रेषेपलीकडच्या. काँक्रीटसाठीचं भारतीय मानक आयएस 456 सर्वसाधारणपणे 0.3 मिलिमीटरपर्यंत भेग चालवून घेतं, ओलाव्यात किंवा जमिनीला लागून असलेल्या भागात 0.2, आणि त्याहून कडक परिस्थितीत 0.1. म्हणजे तळघराच्या भिंतीत 0.2 च्या पुढच्या भेगांत जिवाणूंनी काही करून दाखवलं तरच ते कामाचं.

खाऱ्या पाण्यातून आलेल्या माणसाला काँक्रीटमध्ये एक पथ्य पाळावंच लागतं. लोणारचा जिवाणू चालेल, लोणारचं मीठ चालणार नाही. क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की गंज धरतो, सळई फुगते आणि काँक्रीट आतून फुटतं. म्हणून सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको असा दंडक आहे. प्रयोगशाळेत स्वस्त पडणारं आणि झटपट साका देणारं कॅल्शियम क्लोराइड त्यामुळे सळईजवळ वापरायचं नाही, लॅक्टेट किंवा ॲसिटेट वापरायचं, जरी ते महाग पडलं तरी. युरिया फोडणाऱ्या जिवाणूंचं काम जलद होतं, पण अमोनियाचा वास बंद तळघरात कोंडतो, आणि अमोनियाचं पुढे काय करायचं हा प्रश्न उरतो. बिल्डरकडचे इंजिनिअर विचारतात, "मॅडम, गॅरंटी किती वर्षांची?" मी त्यांना नमुन्यांच्या दोन रांगा दाखवते, जिवाणू असलेली आणि नसलेली, आणि सांगते की या दोन रांगांतला फरक एवढंच मी विकते. काहींना ते कमी वाटतं. ज्यांना पटतं ते पुन्हा येतात.

या कामात माझं मन सगळ्यात जास्त गुंतलं आहे ते मात्र लोणारच्या पाण्यात. गावाचं सांडपाणी ओढ्यातून तळ्यात उतरतं हा प्रश्न जुना आहे, त्यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सुनावण्या झाल्या आहेत. सांडपाणी घाण आहे म्हणून वाईट, एवढंच सगळ्यांना दिसतं. ते गोडं आहे म्हणूनही लोणारला घातक आहे. गोडं पाणी वाढलं की क्षारता उतरते, सामू उतरतो, आणि त्या खारटपणावर तगलेले जिवाणू मागे पडतात. त्यांच्याबरोबर गाळात पुढे लिहिली जाणारी खनिजांची नोंदही बदलते. खारं पाणी गोडं झालं की आपल्याकडे आनंद होतो, तहानलेल्या मुलखात तो होणारच. पण लोणारची श्रीमंती तिथल्या खारेपणात आहे, आणि हे तिथल्या नगरपरिषदेपासून पुण्यातल्या शाळेपर्यंत सांगायला हवं.

पुण्यातल्या सूक्ष्मजीवांच्या संग्रहात लोणारचे जिवाणू सुकवून, गोठवून ठेवता येतात, आणि तसं ठेवलंच पाहिजे. पण एका नळीतला एक जिवाणू काठावरच्या गालिच्यासारखा वागत नाही, कारण गालिच्यातलं काम थरांच्या देवघेवीतून होतं आणि ती देवघेव त्या विशिष्ट पाण्यावर चालते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी भेगांबरोबर दुसरंही एक काम सुचवते. परवानगी काढा, आणि सासू-सुनेच्या विहिरीपासून तळ्याच्या पाण्यापर्यंत दर महिन्याला सामू, क्षारता, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं प्रमाण मोजा. गालिच्याचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहा आणि त्यात कुठलं खनिज आहे ते लिहा. पाऊस, ऊन आणि सांडपाणी यांचे आकडे शेजारी मांडा. दोन-तीन पावसाळे सलग अशी वही भरली, तर लोणारमध्ये दगड कुणी किती घडवला हे सांगणारी ती पक्की नोंद होईल, आणि तळं वाचवण्यासाठी न्यायालयापुढे ठेवायला आपल्या हातात नुसत्या तळमळीपेक्षा भक्कम असं काहीतरी असेल.